झेंड्याचे कापड आणि झेंड्याची गाठ : मराठवाड्यातील मुख्याध्यापक, सरपंच व ग्रामसेवकांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, मराठवाड्यातील सर्व शाळा,
मा. सरपंच व ग्रामसेवक, मराठवाड्यातील सर्व ग्रामपंचायती

विषय : झेंडावंदनासाठी खादीचाच राष्ट्रध्वज घेणे व त्याची वर्षभर निगा राखणे याबाबत.

महोदय/महोदया,

सादर नमस्कार.

नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात तीन शाळा मिळून मी ३१ वर्षे शिक्षक होतो. या काळात मुख्याध्यापक बदलले, कौलांची शाळा स्लॅबची झाली, फळ्याशेजारी टीव्ही आला, पण झेंडा बांधण्याचे काम मात्र माझ्याकडेच राहिले. उर्वरित महाराष्ट्रात शाळेचा झेंडा वर्षातून तीनदा कपाटाबाहेर येतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. आपल्याकडे १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तो चौथ्यांदा बाहेर येतो. म्हणजे शंभरावर वेळा मी झेंडा हातात घेतला, उलगडला, तपासला, बांधला आणि संध्याकाळी उतरवून घडी घातला. या अनुभवाच्या आधारावर आपल्याला एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या शाळेचा व ग्रामपंचायतीचा झेंडा खादीचा असावा, तो योग्य मापाचा असावा आणि चार दिवसांखेरीजच्या उरलेल्या दिवसांतही त्याला कोणी तरी वाली असावा, एवढीच ती विनंती आहे.

खादीचा आग्रह ऐकून आपल्यापैकी काहींना हा जुन्या माणसाचा हट्ट वाटेल. तो तसा नाही हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल, आणि सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आमचे गाव पैनगंगेच्या काठावर आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका लागतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी नदीच्या त्या काठावर स्वातंत्र्य होते आणि या काठावर निजाम होता. पलीकडच्या वस्तीत लागलेला तिरंगा अलीकडून दिसायचा, असे माझी आजी सांगत असे. पावसाळ्यातल्या त्या धूसर हवेत तो खरोखर दिसत होता की सर्वांना दिसावासा वाटत होता, याची खात्री मी देणार नाही. अलीकडे मात्र सरकारी कचेरीवर निजाम घराण्याचा आसफजाही पिवळा झेंडा होता, ज्याच्या मधोमध कुलच्याची, म्हणजे गोल रोटीची, खूण म्हणून गोल असे. हैदराबाद संस्थानात तिरंगा लावणे हा राजवटीच्या लेखी अपराध होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थान काँग्रेसने ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला, त्यानंतरच्या दिवसांत स्वामी रामानंद तीर्थांसह अनेक पुढारी तुरुंगात गेले, आणि खेडोपाडी ज्यांनी झेंडा लावला त्यांना लाठ्या, कोठडी आणि पुढे रझाकारांचा जाच सोसावा लागला. सरहद्दीवर जी लढ्याची शिबिरे उभी राहिली त्यांपैकी एक उमरखेडला होते, त्यामुळे नदी ओलांडून जाणाऱ्यांची आणि रात्री परत येणाऱ्यांची आमच्या गावाला सवय होती.

त्याच पावसाळ्यात आजीने घरात एक झेंडा शिवला. पांढरा पट्टा आजोबांच्या विरलेल्या धोतराचा होता, हिरवा पट्टा एका चोळीच्या खणाचा, आणि केशरी पट्ट्यासाठी तिने होळीकरिता वाळवून ठेवलेल्या पळसफुलांच्या पाण्यात पटक्याचा तुकडा रंगवला होता. मधोमध काळ्या दोऱ्याने, साध्या धावदोऱ्याने, चरखा काढला होता. शिवून झाल्यावर तो झेंडा ज्वारीच्या कणगीत गेला आणि तेरा महिने तिथेच राहिला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारवाईची बातमी पक्की झाल्यावर तो झेंडा मारुतीच्या पारावर वेळूच्या काठीला लागला. झेंड्यावर चरखा होता, चक्र नव्हते. दिल्लीत ते बदलून एक वर्ष उलटून गेले होते, पण आमच्या गावात चक्राचा झेंडा तोवर कोणी पाहिलेलाच नव्हता.

या चरख्याचे पुढे काय झाले, हा माझ्या विनंतीचा गाभा आहे.

१९२१ साली बेझवाडा (आजचे विजयवाडा) येथे काँग्रेस महासमितीच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना ध्वजाचा नमुना दिला. त्यातून जो झेंडा घडत गेला त्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता व त्यावर चरखा होता. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला तो याच चरख्याच्या झेंड्यासाठी. १९३१ साली काँग्रेसने रंगांचा क्रम बदलून केशरी, पांढरा व हिरवा असा केला आणि चरखा पांढऱ्या पट्ट्यावर आणला. आजीने शिवला तो हा झेंडा. पुढे २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत पंडित नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे समान रुंदीचे आडवे पट्टे, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी नेव्ही ब्लू रंगाचे चक्र, त्या चक्राचा आराखडा सारनाथ येथील अशोकाच्या सिंहशीर्षाखालच्या पट्टीवरील चक्राप्रमाणे, व्यास साधारणपणे पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका, आणि रुंदी व लांबीचे प्रमाण दोनास तीन, असा तो ठराव आहे. रंगांचे जे अर्थ आपण दरवर्षी भाषणांत सांगतो ते या ठरावात दिलेले नाहीत. ते इतर भाषणांतून आणि लेखांतून आलेले आहेत, म्हणून मी त्यात शिरत नाही.

ठरावातली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यात चक्राचा उल्लेख करताना ते चरख्याचे प्रतीक म्हणून आहे असे स्पष्ट म्हटलेले आहे. नेहरूंनी त्याचे कारणही सभागृहात सांगितले. झेंडा दोन्ही बाजूंनी पाहिला जातो, आणि चरखा एका बाजूने सरळ दिसला तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. चाक मात्र दोन्हीकडून सारखेच दिसते. त्यामुळे अख्ख्या चरख्याऐवजी त्याचे चाक तेवढे राहिले आणि त्या चाकाला अशोकाच्या धर्मचक्राचे रूप मिळाले. गांधीजींना हा बदल रुचला नव्हता, हे सर्वज्ञात आहे. त्या दिवशी नेहरूंनी सभागृहापुढे दोन झेंडे ठेवले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा.

यावरून माझी समजूत अशी झाली आहे की चरखा चित्रातून गेला, पण कापडात राहिला. झेंड्याचे सूत हाताने कातलेले आणि कापड हातमागावर विणलेले असले पाहिजे, हा नियम पुढची अनेक दशके पाळला गेला. भारतीय मानक संस्थेने १९५१ साली राष्ट्रध्वजाचे जे मानक प्रसिद्ध केले त्याचा क्रमांकच ‘एक’ आहे. गॅसच्या शेगडीपासून सिमेंटपर्यंत आज हजारो वस्तूंची मानके आहेत, पण त्या यादीच्या डोक्यावर झेंड्याचे कापड आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. मुख्य झेंड्याचे कापड वेगळे आणि काठीच्या बाजूच्या नेफ्याचे, ज्यातून दोरी जाते ते, जाड आणि मातकट रंगाचे कापड वेगळे. ही दोन्ही कापडे खादीची असत. रंग उन्हापाण्यात किती टिकावा, शिलाई कशी असावी, चक्र दोन्ही बाजूंना कसे उमटावे, हे सारे त्या मानकात ठरवून दिलेले आहे.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत, म्हणजे झेंडा कसा असावा व कसा लावावा हे सांगणाऱ्या नियमांत, दुरुस्ती झाली आणि यंत्रावर तयार केलेले तसेच पॉलिस्टरचे झेंडेही चालतील असे ठरले. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ मोहीम होती. घराघरावर झेंडा लावायचा तर हातमाग तेवढे कापड देऊ शकत नाहीत, हे उघड आहे, आणि त्या निर्णयाशी मला वाद घालायचा नाही. सामान्य माणसाला स्वतःच्या घरावर झेंडा लावता यावा, यासाठी एका नागरिकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते आणि २३ जानेवारी २००४ च्या निकालाने तो हक्क मान्य झाला, हे लक्षात घेता झेंडा स्वस्त आणि सुलभ होण्याला विरोध करणे मला शोभणार नाही. माझे म्हणणे फक्त सार्वजनिक ध्वजस्तंभापुरते आहे. शाळेला झेंडा एक लागतो. तो वर्षातून चार दिवस चढतो. नीट ठेवला तर पुष्कळ वर्षे टिकतो. तिथे पॉलिस्टरने वाचवलेले पैसे कोणत्या कामाला येतात, हे मला आजवर समजलेले नाही.

शिवाय हे कापड कुठून येते ते पाहा. राष्ट्रध्वज बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या खादी संस्थांमध्ये हुबळीजवळच्या बेंगेरीच्या संस्थेचे नाव मोठे आहे, आणि दुसरे नाव आपल्या नांदेडचे आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिरंगा तयार करते आणि त्याचे कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणले जाते. ज्या भूमीत तिरंगा कणगीत लपवावा लागला, त्याच भूमीतून तो आता देशभर जातो. आणि त्याच भूमीतल्या शाळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या बाजारात, राख्यांच्या दुकानाबाहेर टांगलेल्या झेंड्यांतून एक ओढून घेतात. याबद्दल मी कोणाला दोष देत नाही, कारण कित्येक वर्षे मीही तेच केले.

माझे डोळे एका मुलीने उघडले. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षी शाळेने असाच एक चकचकीत झेंडा आणला होता. आदल्या दिवशी मी तो वर्गात टेबलावर पसरला आणि पाचवीच्या मुलांना चक्राच्या आऱ्या मोजायला सांगितल्या. चोवीस आऱ्या असतात हे त्यांना पुस्तकातून पाठ होते, त्यामुळे मोजणे हा केवळ उपचार होता. एका मुलीने बोट ठेवून मोजले आणि बावीस सांगितले. सगळे हसले. तिने पहिल्या आरीवर पेन्सिल आडवी ठेवून पुन्हा मोजले, तरी बावीसच भरल्या. मग मी फूटपट्टी घेतली. चक्र उभे मोजले तर एक माप येत होते आणि आडवे मोजले तर दुसरे. ते चक्र नव्हतेच, अंडे होते. झेंडा उलटा केला तर मागच्या बाजूला चक्राची फक्त निळसर सावली होती, म्हणजे ज्या कारणासाठी चरख्याचे चाक झाले ते कारणच त्या झेंड्याने निकालात काढले होते. मी हे वरिष्ठांच्या कानावर घातले तेव्हा “एवढ्या वर कोण आऱ्या मोजायला जातंय, सर?” असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी तोच झेंडा चढला. ती मुलगी रांगेत पहिली उभी होती आणि सलामी देताना तिची नजर कुठे होती ते मला दिसत होते.

तेव्हा खरेदी करताना काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. मानकात झेंड्याची नऊ मापे आहेत. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा आणि सर्वांत लहान, टेबलावर ठेवायचा, १५० बाय १०० चा. मोटारीवर लावायचा २२५ बाय १५० चा असतो. खेड्यातल्या शाळेच्या काठीला ९०० बाय ६०० किंवा १३५० बाय ९०० चा झेंडा शोभतो आणि ग्रामपंचायतीचा स्तंभ उंच असेल तर १८०० बाय १२०० चा. या शेवटच्या तीनपैकी पहिल्या मापाच्या चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर, दुसऱ्याच्या २८० आणि तिसऱ्याच्या ३७० असतो. पट्टी सोबत न्या आणि दुकानातच मोजा. आऱ्या मोजा. तिन्ही पट्ट्यांची रुंदी मोजा, कारण बाजारी झेंड्यात कापड वाचवण्यासाठी पट्टे बेधडक लहानमोठे केलेले आढळतात. झेंडा उजेडापुढे धरा आणि मागच्या बाजूचे चक्र पाहा. खर्च सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या निधीतून, शाळेच्या अनुदानातून किंवा ग्रामनिधीतून बसवता येतो, आणि तेही जमत नसेल तर गावात वर्गणीसाठी दोन घरांत शब्द टाकला तरी पुरतो. भंडाऱ्याला गाव किती पैसा उभा करते ते आपण सारेच जाणतो.

झेंडा आणल्यानंतर तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत झेंडा कार्यालयातल्या कपाटाच्या तळाच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांखाली असतो. एका ठिकाणी तो पोषण आहाराच्या खोलीत हळद-मिठाच्या पाकिटांशेजारी होता आणि उंदराने हिरवा पट्टा कुरतडलेला होता. हे झेंडावंदनाच्या सकाळी सात वाजता लक्षात आले. फाटका किंवा मळका झेंडा लावू नये असे संहिता सांगते, पण पाहुणे फाटकाशी आलेले असताना संहिता कोण उघडतो? खादी धुता येते, सावलीत वाळवता येते, हलकी इस्त्री करता येते. ओला झेंडा मात्र कधीही घडी करून ठेवू नये. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर हे आपले दोन्ही दिवस पावसाळ्यात येतात. त्या संध्याकाळी भिजलेला झेंडा तसाच गुंडाळून ठेवला की २६ जानेवारीला पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके निघालेच म्हणून समजा. घडी घालताना केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडून मग दोन्ही टोके मध्याकडे आणावीत, म्हणजे वर चक्र राहते. ही रीत मुलांना शिकवावी. मुले ती एका तासात शिकतात आणि पुढे आपल्यालाच चुका दाखवतात.

आता गाठ. या विषयावर मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण झेंडावंदनाची निम्मी फजिती गाठीत असते, आणि त्यातली एक फजिती माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. त्या वर्षी १४ ऑगस्टच्या रात्रीच झेंडा बांधून ठेवावा अशी बुद्धी मला झाली. आत झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि वर सुतळीची गाठ मारली. रात्रभर पाऊस झाला. ओली सुतळी फुगली आणि गाठ घट्ट बसली. सकाळी पाहुण्यांनी दोरी एकदा ओढली, दोनदा ओढली, तिसऱ्यांदा जोरात हिसका दिला, तेव्हा गाठ न सुटता झेंडा एका कोपऱ्यातून अर्धवट बाहेर आला आणि पाकळ्यांचा ओला गोळा पाहुण्यांच्या टोपीवर पडला. राष्ट्रगीत सुरू झाले होते. सगळे सावधानमध्ये, आणि वर झेंडा गळ्याशी आवळलेल्या पिशवीसारखा. राष्ट्रगीत संपल्यावर आमचे शिपाई मामा काठीवर चढले आणि त्यांनी गाठ सोडवली. पांढऱ्या पट्ट्यावर पडलेले झेंडूचे पिवळे डाग नंतर कोणत्याही साबणाने गेले नाहीत. पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही, पण त्या कोरड्या आणि मूठभर असाव्यात, गुलाबाच्या असल्या तर अधिक बरे, आणि झेंडा त्याच सकाळी बांधावा.

बांधण्याची माझी रीत अशी आहे. दोन माणसांनी झेंडा ताणून धरावा आणि रुंदीत एकदा निम्मा, मग पुन्हा निम्मा करावा. जी लांब पट्टी मिळते तिला मोकळ्या टोकाकडून नेफ्याकडे साडीच्या निऱ्या घालाव्यात. गुंडाळी करू नये, कारण गुंडाळी उलगडायला वारा लागतो आणि निऱ्या स्वतःच्या वजनाने सुटतात. नेफ्यातल्या दोरीचे कोणते टोक केशरीकडे आहे ते पाहून त्या टोकाला रंगीत दोऱ्याची खूण करून ठेवावी. झेंडा उलटा चढण्याचे प्रकार घाईत होतात आणि ही एक खूण ते टाळते. मग निऱ्यांभोवती दोरीचा एकच वेढा घेऊन सरकगाठ मारावी, जिचे एक टोक ओढले की सारे सुटते. गाठ मारल्यावर कप्पी फिरते का, हे प्रत्यक्ष चढवून-उतरवून पाहावे. वर्षभर उन्हात राहिलेली कप्पी गंजते, तिला तेलाचे दोन थेंब पुरतात.

संहिता म्हणते की झेंडा झपकन चढवावा आणि सावकाश, मानाने उतरवावा. चढवण्याचा भाग आपण नीट करतो, कारण तेव्हा गाव समोर असते. उतरवताना कोण असते? सूर्यास्ताला शाळा बंद असते, लाडू-जिलेबी वाटून झालेली असते, आणि शेजारच्या एखाद्या पोराला “झेंडा काढून ठेव रे” असा निरोप गेलेला असतो. पुष्कळदा तर दुसऱ्या दिवशीच्या परिपाठाला झेंडा तसाच असतो. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा दिवसरात्र ठेवण्याची मुभा दिली आहे, हे खरे. पण त्याच मुभेमुळे पत्र्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर महिनोन्महिने राहिलेले, केशरी उडून पिवळे पडलेले, कडा दशा-दशा झालेले झेंडे आपण पाहतो. शाळेने आणि ग्रामपंचायतीने सूर्यास्ताची जुनी शिस्त सोडू नये. एक शिक्षक आणि पाच मुले पुरे. भाषण नको, ध्वनिक्षेपक नको. माझ्या नोकरीतल्या सर्वांत चांगल्या आठवणी अशा उतरवण्याच्या संध्याकाळच्या आहेत. मैदान रिकामे असते, बगळे परतत असतात, आणि मुले न सांगता गप्प होतात.

काही किरकोळ गोष्टी उरकून घेतो. ध्वजस्तंभाला हार घालण्याची पद्धत आपल्या भागात आहे. झेंडा फडकत असताना त्या स्तंभावर किंवा स्तंभाच्या टोकावर फुले, हार, चिन्ह असे काहीही असू नये असे संहिता सांगते. हार खाली ठेवलेल्या प्रतिमांना घालावा. झेंडा अर्ध्यावर आणण्याचा आदेश आला तर तो आधी टोकापर्यंत न्यावा व मग अर्ध्यावर आणावा, आणि उतरवतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊनच खाली घ्यावा. कागदी झेंडे मुलांच्या हाती जरूर द्यावेत, प्लास्टिकचे देऊ नयेत, आणि कार्यक्रम संपला की ते मोजून परत घ्यावेत. सहल अजिंठ्याला गेलीच तर पहिल्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीच्या बैठकीवर दोन हरणांमधले चक्र मुलांना दाखवावे. सारनाथची गोष्ट तिथे आपोआप निघते.

शेवटचा विषय जुन्या झेंड्यांचा आहे, आणि त्याबद्दल आपल्या मनात जी भीती आहे तिच्याविषयी मला बोलायचे आहे. मी पाहिलेल्या कित्येक शाळांच्या कपाटात तीन-चार फाटके झेंडे पडून असतात. ते लावता येत नाहीत, टाकता येत नाहीत, निर्लेखन करावे तर साहेब काय म्हणतील अशी धास्ती असते, आणि जाळावे तर १९७१ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे असे कोणी तरी सांगितलेले असते. तो कायदा सार्वजनिक जागी किंवा लोकांच्या नजरेसमोर झेंड्याचा अवमान करण्याविरुद्ध आहे. जीर्ण झेंडा खाजगीत, संपूर्णपणे, शक्यतो जाळून आणि त्याचा मान राखून नष्ट करावा, असे ध्वजसंहिताच सांगते. तेव्हा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये झेंड्यासाठी एक स्वतंत्र पान ठेवावे, त्यावर खरेदीची तारीख, माप, कापड आणि कोणाच्या ताब्यात आहे ते लिहावे, आणि झेंडा जीर्ण झाला की शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन सदस्यांसमक्ष तो नष्ट करून त्याच पानावर सह्या घ्याव्यात. याने झेंडा राखणाऱ्या माणसाची भीती जाते.

आजीच्या झेंड्याचे तेच झाले. मारुतीच्या पारावरून तो घरी परत आला आणि ट्रंकेत राहिला. मी शाळेत होतो तेव्हा एकदा ट्रंक उघडली तर कसर लागून पळसाचा केशरी पट्टा जाळीसारखा झाला होता. चरख्याचा धावदोरा तेवढा धड होता. वडिलांनी ध्वजसंहिता पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे, घरात कोणी उठायच्या आत, त्यांनी अंघोळ केली, परसात गोवऱ्या रचल्या आणि झेंडा घडी न मोडता त्यावर ठेवला. मी खिडकीतून पाहत होतो, हे त्यांना कधी कळले नाही. राख त्यांनी पैनगंगेत सोडली.

येत्या १७ सप्टेंबरला वेळ आहे. तोवर आपण कपाट उघडून झेंडा एकदा पूर्ण उलगडून पाहावा, आऱ्या मोजाव्यात, आणि नवा घ्यायचा असेल तर नांदेडची वाट धरावी. हदगाव, हिमायतनगर किंवा किनवटकडच्या कोणत्याही शाळेला सरकगाठ शिकून घ्यायची असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत निरोप द्यावा, मी येऊन मुलांना शिकवून जाईन. दोरी माझी मी घेऊन येईन, सुतळी मात्र काढून ठेवा.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
हदगाव तालुका, जि. नांदेड